नवनाथची कॉफी

कुणी कॉफीचा कप तोंडाला लावला की नवनाथ वही उघडून त्याच्यासमोर उकिडवा बसायचा. पहिला घोट गिळायच्या आत प्रश्न यायचा, "कशी लागली?"

"मस्त."

"मस्त म्हंजी काय? मस्त हे काय माप हाय? कडू किती? जिभेच्या टोकाला का घशाशी? आन् वास कशासारखा?"

माणूस कप ठेवून पळायचा. नवनाथ त्याच्यामागे. मेसच्या काकांना तर त्याने जिन्यात गाठलं. "करपलेल्या शेंगदाण्यासारखी लागली रे बाबा, सोड आता," काका म्हणाले. नवनाथने उभ्या उभ्या लिहून घेतलं.

हा जामखेडकडच्या एका खेड्यातला. नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्ही एका खोलीत राहत होतो आणि प्रोजेक्टच्या गटातही एकत्रच होतो. गटात तिसरी तेजस्विनी. घरात वापरायचं छोटं कॉफीचं यंत्र बनवायचं, ही कल्पना नवनाथचीच. सरांनी एकच अट घातली: ते ओट्यावर मिक्सरशेजारी मावलं पाहिजे.

तेव्हापासून नवनाथ एका जागी बसलेला मी पाहिला नाही. वर्गात पाय असा हलवायचा की अख्ख्या बाकाची अक्षरं बिघडायची. जेवता जेवता ओरडायचा, "पाण्याची टाकी मागं न्हाई, वर पायजे!" आणि ताट तसंच टाकून पळायचा. यंत्राचा आराखडा रोज बदलायचा. वैतागून तेजस्विनीने कागद लपवले, तर याने खोलीच्या फरशीवर खडूने नवा काढला. तीन दिवस मी त्या आराखड्यावरून उडी मारून कॉटवर जात होतो.

स्वतः मात्र कॉफीला तोंड लावायचा नाही. "बनवणाऱ्यानं चाखायची न्हाई. मत बिघडतं," म्हणायचा. आम्हाला ते फार शास्त्रीय वाटायचं.

परीक्षेला चार दिवस उरले होते. दुपारी लॅबमध्ये यंत्र पहिल्यांदा पूर्ण जोडून चालू केलं. पाणी तापलं, कपात काळी धार पडायला लागली. तेवढ्यात आतली रबरी रिंग हीटरला टेकली असावी. धूर दिसत नव्हता, पण जळक्या रबराचा वास लॅबभर पसरला. तेजस्विनी नाकाला ओढणी लावून दाराकडे धावली. नवनाथ यंत्रावर वाकून त्या धारेकडे बघत हसत होता.

"नव्या, जळतंय!"

"काय जळतंय?"

मी प्लग ओढला. तो माझ्याकडे बघत राहिला, मग तेजस्विनीच्या ओढणीकडे. आणि हळूच स्टुलावर बसला.

"मला वास येत न्हाई," तो म्हणाला. "करोना झाल्ता ना, तवापासनं. कडू-गोड तेवढं कळतं. बाकी सगळं नुसतं गरम पानी."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"यील म्हणले हळूहळू. न्हाई आला."

"मग कॉफीचंच यंत्र कशाला काढलंस?" तेजस्विनीने विचारलं.

"आजारी पडायच्या आधी मामाच्या घरी एकदा प्यालो व्हतो. सगळं घर भरलं व्हतं वासानं. तेवढा एक वास मला अजून नीट आठवतो. बाकीचे जायला लागलेत." तो वहीचा कोपरा दुमडत राहिला. "तुमी सांगता ते लिवून ठेवतो. वाचलं की जरा जवळ आल्यासारखं वाटतं."

घरी सांगितलंस का, असं मी विचारल्यावर तो ताडकन उठला. "आईला कळता कामा नये. ती सैपाकात जीव वतती. तिला कसं सांगू?"

पुढचे चार दिवस नाक आमचं आणि हात त्याचे. रिंग बदलली, हीटरपासून बोटभर लांब सरकवली. परीक्षक आले, घोट घेतला आणि म्हणाले, "मस्त!" नवनाथने तोंड उघडलं, तोच तेजस्विनीने त्याच्या पायावर पाय दिला.

सुट्टीत यंत्र मांडीवर घेऊन तो एसटीने मला गावी घेऊन गेला. त्याच्या आईने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडूजार हाय की रं!" आम्ही पोट धरून हसलो. मग त्यांनी जेवायला वाढलं. नवनाथ पहिल्याच घासाला म्हणाला, "आई, ठेच्याला काय वास सुटलाय!"

मी पाणी आणायला आत गेलो. आई चुलीपुढे बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "त्याला वास येत न्हाई, व्हय ना?"

मी तांब्या माठात तसाच बुडवून धरला.

"दिवाळीला खीर खाली लागली व्हती. तोंडात घालवत नव्हती. ह्यानं दोन वाट्या खाल्ल्या, वर म्हनला, आई, काय वास सुटलाय." त्यांनी भाकरी उलटली. "तुमी त्याला बोलू नका. मला कळलंय हे त्याला समजलं, तर जेवताना गप बसल. आता निदान बोलतो तरी."

बाहेरून नवनाथने आणखी एक भाकरी मागितली. "आले रं," म्हणत त्यांनी तव्यावरची फुगलेली भाकरी उचलली आणि ती वाढायला स्वतःच बाहेर गेल्या.