दुरुस्त गाडीची सवय

गल्लीत त्यांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणत, आणि ते डॉक्टर नाहीत हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ते इस्पितळात एक्स-रे काढायचे. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांची हाडं बघण्यात घालवली, पण त्या नोकरीत एक मोठा जाच होता. फोटोत काय दिसतंय ते पेशंटला सांगायची त्यांना मुभा नव्हती. हाड मोडलेलं समोर लख्ख दिसतंय, पेशंट केविलवाणा होऊन तोंडाकडे बघतोय, आणि यांनी म्हणायचं काय, तर “बाहेर बसा, मोठे डॉक्टर सांगतील.” असं वर्षानुवर्षं गिळलेलं निदान माणसाने कुठेतरी बाहेर काढायला हवंच. ते सगळं दारातल्या जुन्या गाडीच्या वाट्याला आलं.

गाडी त्यांच्या लेकीपेक्षा वयाने थोरली. “या गाडीने आजवर गॅरेजचं तोंड पाहिलेलं नाही,” हे डॉक्टरांचं लाडकं वाक्य, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं. गॅरेजचं तोंड न पाहिल्यामुळे गाडीची काय गत झाली होती, ते मात्र ते सांगत नसत. त्यांच्या मते ती गत नव्हतीच, तो गाडीचा स्वभाव होता. हॉर्न वाजायचा, पण स्टिअरिंग जरा डावीकडे वळवलं तरच. ब्रेक लागायचा, पण पॅडल दोनदा मारल्यावर. पहिला दाब म्हणजे नुसती पूर्वसूचना. क्लच पार वर आला की मगच धरायचा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन मान टाकायचं, म्हणून उभ्या गाडीतही पाय दाबूनच बसायचं. वायपर मध्येच थबकला की डॅशबोर्डला उजव्या अंगाला एक चापट. आणि ड्रायव्हरचं दार आतून उघडतच नसे. काच खाली घ्यायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरच्या मुठीने उघडायचं. यातल्या प्रत्येक बिघाडाचं कारण डॉक्टरांना तोंडपाठ होतं. निदान पक्कं झालं की त्यांचा जीव शांत व्हायचा. उपचार राहून जायचे ते राहूनच जायचे.

लेक याच गाडीवर शिकली. डॉक्टरांनी तिला नुसतं चालवायला शिकवलं नाही. जेवताना पाटावरच तोंडी परीक्षा चालायची.

“किल्ली फिरवली, नुसतं टक् झालं. काय झालं असेल?”

“दिवे लावून बघायचे. किल्ली फिरवताना मंदावले तर बॅटरी उतरलीय. लख्ख राहिले तर सेल्फ बिघडलाय.”

“सेल्फ फिरतोय, पण इंजिन घेत नाही?”

“पेट्रोल तरी पोचत नाही, नाहीतर ठिणगी तरी पडत नाही.”

“शाब्बास. भाजी घे अजून.”

“तिला गाडीचं विचारण्याआधी भाजीत मीठ पडलंय का ते विचारा,” बायको म्हणायची. पण लेकीला त्यात खरोखर गोडी होती. ती नुकतीच गुरांची डॉक्टर झाली होती, म्हणजे त्या घरातली पहिली खरी डॉक्टर. मुक्या प्राण्याला कुठे दुखतंय ते ओळखायचं तिचं शिक्षण, आणि गाडी तरी कुठे बोलते?

आता घोडं अडलं होतं ते लायसन्सपाशी. एका दूध संघाने तिला नोकरी दिली होती. गोठ्यागोठ्याने फिरायचं काम, गाडी संघाची, पण रुजू व्हायच्या दिवशी लायसन्स हातात हवं. टेस्टची तारीख मिळाली ती त्याच्या अगदी तोंडावर. तिथे नापास झाली तर दुसरी तारीख मिळेपर्यंत नोकरी यादीतल्या पुढच्या माणसाला. संघाच्या साहेबांनी तसं गोड आवाजात आणि स्पष्ट सांगितलं होतं.

टेस्टच्या आधी दोन दिवस लेक मैत्रिणीच्या लग्नाला परगावी गेली. तिथून ती थेट टेस्टच्या मैदानावर येणार होती. आणि डॉक्टरांच्या मनाने उचल खाल्ली. लेकीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि तिने आजारी गाडी घेऊन जायची? परीक्षक काय म्हणेल? त्यांनी रजा टाकली, बाह्या सरसावल्या आणि जाहीर केलं, “गाडी नवी करतो.”

“अहो, ती चालतेय ना?” बायको म्हणाली. “मग कशाला तिच्या वाटेला जाता?”

“ताप असलेला माणूसही चालतोच की.”

“बरं, निदान लेकीला फोन करून सांगा तरी.”

“छे, छे. तिला बसल्यावर कळू दे बाप काय चीज आहे.”

आणि खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत डॉक्टरांनी कमाल केली. हॉर्नच्या पट्टीवरचा गंज खरवडला. वायपरची तुटकी वायर शोधून जोडली. क्लचची ताणलेली तार बेताने सैल केली. कार्ब्युरेटर असा जुळवला की इंजिन पाय न लावता गुणगुणत राहिलं. सगळ्यात अवघड काम ब्रेकचं. नळीत शिरलेली हवा काढायची, तर त्याला दोन माणसं लागतात, एक गाडीखाली आणि एक पॅडलवर. डॉक्टर खाली शिरले आणि बायकोला सीटवर बसवलं.

“दाब.”

“दाबला.”

“आता मी सोड म्हणेपर्यंत सोडायचा नाही.” त्यांनी नट सैल केला. नळीतून बुडबुडे निघू लागले. डॉक्टरांना धन्य वाटत होतं. एवढ्यात पॅडल फाडकन वर आलं, निघालेली सगळी हवा पुन्हा आत शिरली, आणि वर दाराशी खटपट सुरू झाली.

“अगं, सोडलास का?”

“दूध उतू जातंय.”

“मी सोड म्हणालो का?”

“दूध तुमच्या सोड म्हणण्याची वाट बघत नसतं.” बायकोने काच खाली घेतली, हात बाहेर काढला आणि बाहेरची मूठ शोधू लागली.

“आतून उघड की. सकाळीच दुरुस्त केलंय मी ते.”

“अगंबाई, हो का,” असं म्हणत तिने बाहेरूनच उघडलं आणि ती स्वयंपाकघराकडे पळाली. डॉक्टर गाडीखाली पडल्या पडल्या पोटभर हसले. त्या दाराने त्यांना काहीतरी सुचवलं होतं, पण हसण्याच्या नादात ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी तयार झाली. डॉक्टरांनी गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. हॉर्न सरळ रस्त्यावर वाजतोय हे लोकांना कळावं म्हणून तो गरज नसताना वाजवला. ज्याला ज्याला वेळ होता त्याला थांबवून आणि ज्याला नव्हता त्याच्याबरोबर चालत जाऊन त्यांनी सगळी निदानं उपचारांसकट ऐकवली.

टेस्टच्या दिवशी लेक मैदानावर बसमधून उतरली, ती थेट गाडीशीच आली. डॉक्टरांनी तिच्या हातात किल्ली ठेवली आणि नुसतं म्हणाले, “बस. बघच तू.” तिला वाटलं, बाबा धीर देतायत.

परीक्षक उंच, सुकलेले, आणि लोकांना नापास करून करून कंटाळलेले गृहस्थ होते. ते लेकीशेजारी बसले आणि डॉक्टरांकडे वळले. “तुम्ही कोण?”

“वडील.”

“यायचं तर मागे बसा. पण एक शब्द जरी बोललात तरी ती नापास. मागच्या सीटच्या जोरावर पास झालेली पुष्कळ मंडळी मी पाहिलीत.”

डॉक्टर मागे बसले आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले. याचा सराव त्यांना होताच.

लेकीने नेहमीप्रमाणे ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि किल्ली फिरवली. इंजिन असं गरजलं की भिंतीला टेकून उभी असलेली माणसं बाजूला झाली. तिने नेहमीप्रमाणे क्लच निवांत वर आणायला घेतला, आणि तो निम्म्यात येतो न येतो तोच गाडीने उडी मारली. परीक्षकांचं पेन खाली पडलं.

“वळणावर हॉर्न द्या,” ते पेन शोधत म्हणाले.

लेकीने स्टिअरिंग डावीकडे घेतलं आणि हॉर्न दिला. हॉर्न वाजला, गाडीही डावीकडे गेली, आणि रस्त्याच्या कडेचा प्लॅस्टिकचा खांब आडवा झाला.

“मी हॉर्न मागितला होता,” परीक्षक म्हणाले. “पांढऱ्या रेघेवर थांबा.”

तिने ब्रेक दोनदा मारला. पहिल्या दाबालाच गाडी जागच्या जागी खिळली, पट्टा होता म्हणून परीक्षकांचं नाक वाचलं, आणि ते मागे टेकतात न टेकतात तोच दुसरा दाब पडला.

“वायपर लावून दाखवा,” ते हळूच म्हणाले. तिने बटण दाबलं आणि लगोलग डॅशबोर्डला सणसणीत चापट दिली. वायपर आधीच व्यवस्थित चालला होता.

“मॅडम, या गाडीने काय केलंय तुमचं?”

लेकीने वर आरशात पाहिलं. मागे बापाचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण त्याच्या नखांत काळं ग्रीस होतं.

“बाबा, तुम्ही गाडी दुरुस्त केलीत?”

डॉक्टरांच्या घशाशी दोन दिवसांचं सगळं काम दाटून आलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि तेवढ्यानेही घाबरून परीक्षकांकडे पाहिलं.

“सर,” लेक म्हणाली, “ही गाडी दुरुस्त झालीय. मला दुरुस्त गाडीची सवय नाही.”

परीक्षकांनी आजवर नाना सबबी ऐकल्या होत्या. डोळ्यांवर ऊन आलं, बूट नवे आहेत, घरी आजारपण आहे. ही त्यांना नवी होती.

“गाडी बिघडली म्हणून नापास होणारे रोज येतात. गाडी बिघडलेली नाही म्हणून नापास होणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“पण अजून झाले नाही ना, सर?”

“अजून नाही. पुन्हा पहिल्यापासून घ्या. आता एक जरी चूक झाली, तर मला काही सांगू नका.”

लेकीने श्वास घेतला. तिने क्लच एकदा हळू दाबून सोडून पाहिला, मग ब्रेक, मग स्टिअरिंग सरळ ठेवून हॉर्न. अनोळखी गाईच्या अंगावरून आधी हात फिरवावा, तसं तिने त्या गाडीशी वागायला घेतलं. आणि मग ती अशी निघाली की विचारू नका. वळणं, मागे घेणं, दोन खांबांमधून काढणं, सगळं लोण्यासारखं. डॉक्टरांची छाती इंचाइंचाने रुंदावू लागली.

शेवटी चढ आला. “मध्यावर थांबा, इंजिन बंद करा, आणि पुन्हा चालू करून वर चढवा. मागे घसरली तर नापास,” परीक्षक म्हणाले.

ती थांबली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. किल्ली फिरवली.

काहीच झालं नाही. टक् सुद्धा नाही.

आणि मागच्या सीटवर डॉक्टरांना लख्ख आठवलं. काम करताना शॉक नको म्हणून त्यांनी बॅटरीची वायर काढली होती. काम झाल्यावर ती नुसती हाताने बसवली होती, आधी गाडी चालू तर करून बघू आणि मग नट आवळू म्हणून. गाडी चालू झाली, आणि ते आनंदाच्या भरात गल्लीत फेऱ्या मारायला निघून गेले. सगळी गाडी नवी झाली होती आणि लेकीची नोकरी एका न आवळलेल्या नटावर लोंबकळत होती. दोन शब्द पुरे होते. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. परीक्षक आरशातून त्यांच्याकडेच बघत होते.

लेक मात्र शांत होती. तिने हॉर्न दाबून पाहिला. मुका. दिवे लावून पाहिले. एकही नाही. “करंटच येत नाहीये,” ती स्वतःशीच म्हणाली. “सर, बघू का जरा?”

“बघा. गाडी बंद पडली की बहुतेक जण मलाच ढकलायला उतरवतात.”

तिने दार उघडलं, आतून. बॉनेट वर केलं, बॅटरीवर हात ठेवला, वायर हलवून पाहिली. ती गरागरा फिरली. मग डिकीतून पाना आणून तिने नट आवळला, हात पुसले, येऊन बसली आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. गाडी एक बोटभरही मागे न सरता चढून वर गेली.

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. काय पोरगी, आणि कोणाची पोरगी! त्या क्षणी त्यांना तिचा आणि स्वतःचा इतका अभिमान वाटला की नट कोणी ढिला ठेवला होता, ते साफ विसरून गेले.

परीक्षकांनी कागद मांडीवर घेतला. “गाडी चालवणारे खूप येतात. हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“बाबांनी.”

डॉक्टर मागे ताठ बसले.

“आणि तो नट ढिला कोणी ठेवला?”

लेकीने आरशात पाहिलं आणि मग समोर. “मला सांगता येणार नाही, सर. ज्यांना माहीत आहे त्यांना बोलायची बंदी आहे.”

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं, मग ते मागे वळले. “घ्या, उठवली बंदी. बोला आता.”

डॉक्टरांनी घसा खाकरला. “आधी सांगा, ती पास झाली ना?”

“झाली.”

“सही केलीत?”

“केली.”

“मग मीच,” डॉक्टर म्हणाले.

परतताना गाडी लेकीने चालवली आणि बापाने वाटेत भेटेल त्याला काच खाली करून सगळी हकीकत सांगितली. पहिल्या चौकात नट त्यांच्याकडून चुकून ढिला राहिला होता. बाजारपेठेत तो आपला असाच राहिला होता. आणि घराच्या दारात बायकोने “काय झालं?” म्हणून विचारलं, तोपर्यंत तो त्यांनी मुद्दाम ठेवला होता.