सुकदेव नानांचा कोरोना

सुकदेव नाना खिशात पाण्याची बारकी बाटली बाळगतात. नवीन काही दिसलं की त्यावर एक थेंब टाकून बघतात. माझ्या लग्नपत्रिकेवर टाकला, साहेबांच्या नव्याकोऱ्या मोबाइलवरही टाकला! थेंब गोल उभा राहिला, की नाना मान हलवायचे, "याना कोरोना नही व्हयेल."

घाबरू नका. जळगावच्या आमच्या कारखान्यात केळीच्या वेफर्सच्या पिशव्या छापतात. प्लास्टिक मोठं निगरगट्ट, त्यावर शाई धरतच नाही. म्हणून ते आधी जबर दाबाच्या विजेखालून काढायचं. निळसर ठिणग्या उडतात, पृष्ठभाग जरा खडबडतो, मग पाणी पसरतं आणि शाई बसते. या मशीनला आम्ही सगळे पहिल्यापासून कोरोनाच म्हणतो. ती साथ फार नंतरची.

नाना माणसांनाही हाच नियम लावायचे. साहेबांच्या मेव्हण्याला कितीही समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. नाना म्हणायचे, "कोरोना नही व्हयेल. काहीच चिकटस नही."

या मशीनपाशी एक उग्र वास सुटतो, तो कपड्यांत बसतो. नाना घरी पोचले, की अक्का, म्हणजे त्यांची बायको, दारातच अडवायच्या, "तुमना कपडासले कोरोनाना वास येस! पहिले आंग धुई या, मंग जेवन." रोजचं भांडण. नाना आम्हाला ते रंगवून सांगायचे.

एके दिवशी नाना कारखान्यात जिलेबी घेऊन आले. "काल ती काहीच बोलनी नही! सीधं ताट वाढी दिन्हं. सुधरी गयी मनी बायको!" आम्ही टाळ्या पिटल्या. मी दोनदा जिलेबी घेतली.

साथ तेव्हा नुकतीच आली होती. त्या दुखण्यात नाकाला वासच येत नाही, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? पुढे अक्कांना ताप भरला, धाप लागली. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं, त्या परत आल्या नाहीत. नानांना लांबूनही तोंड पाहू दिलं नाही.

आता नाना थेंब टाकतात, पण निकाल सांगत नाहीत. कोरोनालाही नुसतं 'मशीन' म्हणतात.

परवा संध्याकाळी मी त्यांच्या घरी वांग्याचं भरीत द्यायला गेले. नाना कामावरच्याच कपड्यांत पाटावर बसले आणि भाकरी मोडू लागले. मी सहज बोलून गेले, "अहो नाना, केवढा वास येतोय कपड्यांना! आधी अंघोळ करून या बघू."

त्यांचा हात थांबला. मी जीभ चावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई," नाना खाली बघत म्हणाले, "परत म्हन."

मी परत म्हटलं, जरा रागावूनच. मलाच रडू कोसळलं. नाना मात्र उठले, दोरीवरचा टॉवेल ओढला आणि पुटपुटत न्हाणीत गेले, "जास ना बाई, जास."