छबूबाईंच्या उताऱ्यावर भाऊसाहेब

सोमवारी सकाळी स्वराली तलाठी कार्यालयात आली आणि हातातला सातबारा टेबलावर ठेवत म्हणाली, "भाऊसाहेब, तुम्ही माझे भाऊ कधी झालात?"

समाधान साबळे सोनमाळवाडीचा तलाठी होता. सरकारने या पदाला अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव दिले होते, पण गाव त्याला भाऊसाहेबच म्हणत असे. त्यामुळे प्रश्नातली गोम त्याच्या लक्षात आली नाही. "मी सगळ्यांचाच भाऊ," तो हसून म्हणाला.

"सगळ्यांचे असाल. पण वारस म्हणून आमच्याच आबांना लागलात."

समाधानने उतारा उचलला. बावीस गुंठ्यांच्या त्या तुकड्यावर पहिले नाव होते छबूबाई आबाजी कोकरे. त्याच्याखाली, जिथे त्यांची एकुलती मुलगी स्वराली असायला हवी होती, तिथे समाधान बबन साबळे होता.

आबाजी कोकरे चार महिन्यांपूर्वी वारले होते. त्यांची वारस नोंद संगणकावर भरताना समाधान दुसऱ्या वारसाच्या रकान्यात पोचला आणि नेमका वरच्या साहेबांचा फोन आला. "साबळे, तुमच्या अहवालाखाली नावच नाही. आधी पूर्ण नाव टाका." समाधानने फोन कानाला लावूनच पूर्ण नाव टाकले. ते अहवालात गेले नाही, आबाजींच्या वारसांत गेले. मग या फेरफाराची नोटीस पंधरा दिवस चावडीवर लागली. ती कुणी वाचली नाही. खाली सही करणाऱ्यानेही वाचली नव्हती, आणि सही करणारा समाधानच होता.

"ताई, मुद्दाम नाही हो केलं," तो घामाघूम होऊन म्हणाला.

"ते कळतंय. मुद्दाम करणारा बावीस गुंठ्यांवर थांबला नसता," स्वराली म्हणाली. ती वालचंदनगरला शाळेत शिकवत होती आणि चुका तपासायची तिला सवय होती. "पण मला ठिबकचा अर्ज भरायचाय. लवकर निस्तरा."

समाधान त्याच दिवशी बारामतीला तहसीलदार मॅडमपुढे जाऊन उभा राहिला. त्यांनी उतारा दोनदा वाचला.

"पाच वर्षांच्या नोकरीत जमीन? वेग चांगलाय तुमचा."

"मॅडम, चूक झाली."

"लेखनातली चूक असेल, तर कलम १५५ खाली दुरुस्त करू. छबूबाई आणि त्यांच्या मुलीचा जबाब आणा. तुम्हीही उताऱ्यावर आहात, तेव्हा तुम्हालाही नोटीस लागेल. आणि तलाठ्याचा अहवाल जोडा. पण त्या बाई म्हणाल्या की तलाठ्यानं जमीन लाटली, तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

परत येऊन समाधानने समाधानच्या नावे नोटीस काढली, ती स्वतःला बजावली आणि मिळाल्याची सही घेतली. अहवालात लिहिले, 'सदर इसमास समक्ष विचारले असता, त्याने चूक मान्य केली. इसम घाबरलेला दिसला.'

स्वरालीने जबाब लगेच दिला. मग तो छबूबाईंकडे गेला. त्या गोठ्यापुढे मका तोडत बसल्या होत्या.

"मावशी, एवढी सही करा."

"करती की. घाई काय हाय? बसा, च्या घ्या."

चहा झाला. सही झाली नाही. दुसऱ्या दिवशी चष्मा सापडेना. तिसऱ्या दिवशी चष्मा सापडला, पण छबूबाईंना अमावस्या आठवली. चौथ्या दिवशी समाधान रडकुंडीला आला.

"मावशी, माझी नोकरी जाईल हो!"

"न्हाय जात. आन् गेलीच तर बावीस गुंठं हायतीच की!" छबूबाईंनी विळा खाली ठेवला. "खरं सांगू का भाऊसाहेब? त्यो शेजारचा इंद्रजित हाय न्हवं, त्यो दरसाल नांगरताना बांध कोरतोय. एकेक सरी करत पार आमच्या बोरीपतोर आलाय. ह्यांनी लई भांडून बघितलं. पर उताऱ्यावर तुमचं नाव लागल्याचं कळलं आन् परवा त्यानं टॅक्टर चार हात लांबनं न्हेला! ऱ्हाऊ द्या की तुमचं नाव वाईच."

गावालाही हे नाव राहू द्यायला हरकत नव्हती. पाटकरी कार्यालयात डोकावून सांगून गेला, "भाऊसाहेब, दुपारी दोनला तुमची पाण्याची पाळी हाय. दारं धरायला तुमी येताय का मावशी येत्यात?" मॅडमनी जबाबांसाठी दिलेली मुदत संपायला दोन दिवस उरले होते. समाधान पुन्हा छबूबाईंच्या रानात गेला. त्या पाणी देत होत्या. त्यांची वाट बघत तो बांधावर उभा राहिला, तेवढ्यात इंदापूरकडच्या गावातून त्याच्या आईचा, रंगुबाईंचा फोन आला.

"समाधान, तू बारामतीकडं दत्तक गेलास म्हणं?"

रेंज येत-जात होती. समाधान बांधावरून लांब टांगा टाकत मोठ्याने बोलू लागला. "असं काही नाही! ज्याचं आहे त्याला सगळं परत द्यायचंय. एक गुंठासुद्धा ठेवायचा नाही... हो, तहसीलदार मॅडमपर्यंत गेलंय. परवापर्यंत मुदत दिलीय. नाहीतर सरळ कारवाई!"

त्याने फोन ठेवला, तर पलीकडच्या उसातून इंद्रजित टोपी हातात घेऊन बाहेर आला.

"भाऊसाहेब, परवापतोर कशाला? आजच देतो की."

"काय देताय?"

"लाजवू नका आता. पावलं टाकून मोजत हुता, बघितलं मी. ती डायवरची चूक हाय, नांगर जरा वडतो त्याच्याकडनं." त्याने बोरीच्या पलीकडे बोट केले. "जुना बांध तितं हुता. माझ्या हातानं दगड रोवून देतो. मॅडमला तेवढं कळवू नका."

समाधानने तोंड उघडले. छबूबाईंनी मागून त्याच्या सदऱ्याला हिसका दिला आणि त्याने ते मिटले.

संध्याकाळच्या आत चार पंचांसमोर दगड रोवले गेले. समाधानने तिथेच बसून इंद्रजितच्या सहीनिशी पंचनामा लिहिला. छबूबाईंनी तो दोनदा वाचून घेतला, पदराने हात पुसले आणि जबाबावर ठसठशीत सही केली. जाताना त्यांनी समाधानच्या गाडीला भेंडीची पिशवी अडकवली. "आजून दोन दिस तुमचं बी रान हाय," त्या म्हणाल्या.

दुरुस्तीचा आदेश आला. समाधानचे नाव गेले, स्वरालीचे लागले. ठिबकचा अर्ज भरला गेला. मॅडमनी समाधानला समज देऊन प्रकरण मिटवले. त्या रात्री तो महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवला.

सोमवारी तो कार्यालयात पोचला, तेव्हा कुलूप उघडायच्या आधीच दाराशी सातआठ माणसे सातबारे घेऊन उभी होती. सगळ्यात पुढे इंद्रजित होता.

"काय काम काढलं, इंद्रजितराव?"

इंद्रजितने मागे बघितले आणि आवाज खाली आणला.

"माझ्या पलीकडच्या अंगाला त्यो शंभूराज हाय. लई बांध कोरतोय माझा. तेवढं माझ्या उताऱ्यावर बी तुमचं नाव घाला की, भाऊसाहेब. दोनच म्हैने. चुकून."