दुसऱ्या पंचाची सही

माणिकराव गिरदावर पुस्तक वाचत नसत, पुस्तकाचा पंचनामा करत. तोही फक्त प्रवासवर्णनांचा. कादंबरीला त्यांनी कधी हात लावला नाही. "कादंबरीवाला आधीच सांगतो की मी खोटं बोलनार हाय, त्याला काय पकडायचं?" असं त्यांचं म्हणणं. पण एखादा माणूस मी अमुक देशाला जाऊन आलो म्हणाला की आमच्या या काकांच्या अंगातला गिरदावर जागा व्हायचा.

गुलमंडीतल्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. काका दर चार दिवसांनी सायकल भिंतीला टेकवून आत यायचे. घेऊन गेलेलं पुस्तक टेबलावर ठेवायचे, तेव्हा त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात मजकूर भरलेला असायचा. एक नमुना मला अजून पाठ आहे.

'मौका पाहणी. प्रवासी काश्मिरास गेला हे खरे दिसते, कारण चिखलात पडल्याचे लिहिले आहे आणि पडल्याची जागा नीट सांगितली आहे. सरोवराचे वर्णन सहा पाने. त्या पाण्याची चव एकदाही लिहिलेली नाही. बायका पिण्याचे पाणी कुठून नेतात याची नोंद नाही. सबब पाहणी अपुरी.'

खाली दोन पंचांच्या सह्या. एक काकांची, ठसठशीत, शेपटीवाली. दुसरी नुसती वाकडीतिकडी, तुटलेल्या दोऱ्यासारखी. पंचनाम्याला दोन पंच लागतात, म्हणून काका डाव्या हातानं दुसरी सही ठोकून देतात, अशी माझी पक्की समजूत होती. मी त्यावर गमतीनं बोलतही असे. ते पुढचं पुस्तक मागायचे.

काकांची नोकरी निजामाच्या राज्यात सुरू झाली. गावोगाव फिरून शेतं पाहायची, पिकांची नोंद तपासायची, हे गिरदावराचं काम. आधी कागद उर्दूत लिहिले, पोलीस ॲक्शननंतर मराठीत लिहिले. राज्य बदललं, लिपी बदलली, काकांची एक गोष्ट बदलली नाही. बाकीचे लोक चावडीत चहा पीत बसून दहा शेतांची पाहणी उरकत. काका बांधावर गेल्याशिवाय टाक उचलत नसत. ज्वारी आहे म्हणून कुणी सांगितलं तरी जाऊन कणीस हातात धरायचं, मगच ज्वारी लिहायची. सत्तावीस वर्षांत एक नोंद खोटी केली नाही, हा त्यांचा अभिमान. तो ते दर पंधरा दिवसांनी मला ऐकवत.

त्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची पुस्तकं होती. एक, 'मौक्यावर', म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन लिहिलेली. दुसरी, 'चावडीत बसून' लिहिलेली. जपानवरचं एक गाजलेलं पुस्तक त्यांनी माझ्यासमोर आदळलं. "दोन पानं नुसती त्या गुलाबी फुलाच्या झाडाची तारीफ. येवढा फुलांचा सडा पडतो, तर सकाळी झाडून कोन काढतं? याला इचारावं वाटलं नाय! चावडीत बसून लिवलंय, साहेब."

आमची पुस्तकं बांधणारे करीमभाई कोपऱ्यात खळ लावत बसलेले असत. ते हसून म्हणाले, "इनो तो किताब का बी सातबारा निकालते."

गंमत अशी की सगळ्या दुनियेच्या प्रवाशांना दरडावणारा हा माणूस पेन्शनीत आल्यापासून गाव सोडून कुठं गेला नव्हता. बसनं पाऊण तासाचं दौलताबाद, पण तिथंही नाही. वाचनालयाची सहल किल्ल्यावर निघाली तेव्हा मी त्यांना आग्रह केला. "मला चारला घरी असावं लागतं," एवढंच म्हणाले. चारला घरी काय असतं, हे मी विचारलं नाही. नोकरीतून ते मुदतीआधीच का बाहेर पडले, हेही विचारलं नाही. टिंगल करायला मात्र मला वेळ होता.

हळूहळू या पंचनाम्यांची चटक लोकांना लागली. पुस्तक हातात घेतलं की सभासद आधी शेवटचं पान उघडत. 'पाहणी अपुरी' असेल तर पुस्तक परत ठेवून देत. मग तक्रारी सुरू झाल्या. एका शिक्षिकाबाईंनी मला झापलं. "मी छान व्हेनिसमध्ये नावेत बसले होते हो. शेवटी तुमच्या त्या काकांनी विचारलं की इथं सांडपाणी कुठं सोडतात. माझं सगळं व्हेनिस नासलं!"

आमचे अध्यक्ष वकील होते. पुस्तकावर रेघ मारणं त्यांना खुनाच्या खालोखाल वाटे. त्यांनी काकांच्या नावे नोटीस काढली, की यापुढे एकाही पुस्तकावर लिहिलेलं आढळलं तर सभासदत्व रद्द. ती द्यायचं काम माझ्याकडे आलं.

काकांनी नोटीस उभ्यानं वाचली. मला वाटलं होतं भडकतील, चार कलमं सांगतील. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"म्हंजे बुकं बंद?"

"लिहिलंत तर बंद. नुसतं वाचलंत तर नाही."

"नाय लिवनार. पेन्सिल घरात ठिवून येतो. पन बुकं बंद करू नका, साहेब. लई अडचन व्हईल."

पुस्तकं बंद झाली तर माणसाची करमणूक बुडते, अडचण कसली होते? मला तो शब्द खटकला होता. पण पुढं विचार करण्याचा कंटाळा केला.

दोन महिने पानं कोरी आली. सभासद शेवटचं पान उघडून हिरमुसले होऊन परत मिटायचे, हे मी रोज बघत होतो. त्याच सुमारास आमच्या वार्षिक समारंभासाठी एक नामवंत प्रवासवर्णनकार येणार असं ठरलं. त्यांचं इस्तंबूलवरचं पुस्तक तेव्हा हातोहात फिरत होतं. काकांनी ते नेलं आणि चार दिवसांनी परत आणलं. शेवटचं पान स्वच्छ. पण काका टेबलाशी रेंगाळले.

"लिवायला बंदी हाय. तोंडानं इचारायला तर नाय ना?"

"नाही," मी म्हणालो. माझीच चूक.

समारंभाच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. लेखकमहाशयांचं भाषण अत्तर शिंपडल्यासारखं झालं. शेवटी अध्यक्षांनी नेहमीच्या रिवाजानं कुणाला काही विचारायचं आहे का म्हणून विचारलं. कुणी विचारत नसतं, लगेच चहा असतो. तिसऱ्या रांगेत काका उभे राहिले. हातात वहीचा कागद, पांढरी टोपी, आवाज पार बांधावर उभं राहून हाक मारल्यासारखा.

"साहेब, एक्केचाळीस पानावर तुमी सकाळी खोलीची खिडकी उघडली. समोर एक मिनार व्हता, त्याच्या मागून सूर्य वर आला. खरं हाय?"

"खरं आहे," लेखक प्रसन्नपणे म्हणाले.

"अठ्ठ्याऐंशी पानावर त्याच खोलीच्या त्याच खिडकीत तुमी संध्याकाळी बसले. सूर्य त्याच मिनाराच्या मागं बुडाला. हे बी खरं?"

कुणीतरी बोटानं हवेत पूर्व-पश्चिम करून पाहिलं आणि हशा फुटला. असा हशा त्या हॉलनं आधी कधी ऐकला नसेल. शिक्षिकाबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. लेखकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

अध्यक्ष ताडकन उठले. "गिरदावर, खाली बसा! पाहुण्यांचा अपमान? तुमचं सभासदत्व आत्ता या क्षणी रद्द!"

हशा थांबला. काका उभेच होते. ते अध्यक्षांकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात लेखक म्हणाले, "थांबा, वकीलसाहेब. या पुस्तकावर इतके लोक लिहून गेले, कुणाच्या लक्षात आलं नाही. काका, तुम्ही कसं पकडलंत?"

इथं काकांनी श्रेय घेतलं असतं तरी चाललं असतं. पण खोटी नोंद करायची सवय नव्हती.

"मी नाय पकडलं. मी बी दोनदा वाचून पुढं गेलो व्हतो. दुसऱ्या पंचानं पकडलं."

"ते कुठं आहेत?"

"घरी. तिला येता येत नाय."

लेखकांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. "चला, भेटू या." चहा तसाच राहिला. काका सायकलवर पुढं निघाले. मागं सायकलरिक्षांत आम्ही तिघं, लेखक, मी आणि 'हे काय चाललंय' असं पुटपुटणारे अध्यक्ष.

उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात पश्चिमेच्या खिडकीला लागून एक पलंग होता. त्यावर चंद्रभागाकाकू निजलेल्या होत्या. पाठीचं दुखणं, अकरा वर्षं. मान आणि उजवा हात तेवढा चालायचा. काकांनी नोकरी का सोडली आणि चारला घरी का असावं लागतं, ते मला दारातच कळलं. बाकीचं काकूंच्या बोलण्यातून उलगडलं. चार वाजता काका पुस्तक मोठ्यानं वाचत आणि काकू मधेमधे प्रश्न विचारत. पाण्याची चव, सांडपाणी, फुलांचा सडा झाडणारी बाई, सगळे प्रश्न काकूंचे होते. काका नुसते लिहून घेत. नोकरीत असतानाही संध्याकाळी घरी आले की काकू असंच खोदून खोदून विचारायच्या, म्हणून तर काका बांधावर जात. न पाहता येऊन घरात काय सांगणार?

आणि त्या वाकड्यातिकड्या सहीवर मी इतकी वर्षं विनोद करत होतो. लाज वाटली मला.

काकू लेखकांना म्हणाल्या, "रागावू नका, दादा. ह्या खिडकीत मी अकरा वर्सं बघते. सूर्य फकस्त मावळतो. उगवताना येकदा बी दिसला नाय. म्हनलं, ह्यांची खिडकी लई नशिबाची दिसती."

लेखक स्टुलावर बसले आणि म्हणाले, "काकू, खिडकीतून मिनार दिसतच नव्हता. तो मी रस्त्यावरून पाहिला. खिडकीसमोर एका धोबिणीची गच्ची होती. मी तीन दिवस तापानं पडून होतो आणि चादरी वाळताना बघत होतो. कोण कुणाचं, पण तिला कळलं की हा माणूस उठत नाही. तिसऱ्या दिवशी तिनं गच्चीवरून एक लिंबू फेकलं, नेमकं माझ्या अंथरुणावर. ते मी पुस्तकात घातलं नाही. लोकांना मिनार लागतो असं वाटलं."

काकूंनी विचारलं, "लिंबू कसं व्हतं? आपल्यासारखं?"

"नाही. मोठं. आणि साल जाड."

"मग व्हते तुमी तिथं," काकू म्हणाल्या. "धोबीन झ्याक हाय. मिनार काढून टाका."

लेखक इतके मनापासून हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. या खेपेला मात्र काच खरोखरच ओली होती. मिनार काढतो, धोबीण घालतो, असा शब्द त्यांनी तिथंच दिला, आणि पुढं दुसऱ्या आवृत्तीत तो पाळलाही.

वाचनालयाचं ते पुस्तक मी सोबत आणलं होतं. काकांनी ते मागितलं, शेवटचं पान उघडलं आणि अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी एकदा घसा साफ केला आणि खिशातलं आपलं फाउंटन पेन काढून पुढं केलं. "पेन्सिलीनं नको, पुसट होतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "करीमभाईंना सांगा. यापुढं प्रत्येक प्रवासवर्णनाला मागं दोन कोरी पानं जोडायची."

काकांनी गुडघ्यावर पुस्तक ठेवून लिहिलं, खाली आपली शेपटीवाली सही केली आणि उभं राहून वाचून दाखवलं. 'मौका पाहणी. जागा इस्तंबूल, खिडकीसमोरची गच्ची. चादरी वाळत आहेत. लिंबू एक, जाड सालीचे. मौक्यावर हजर: लेखक, धोबीण आणि चंद्रभागाबाई.'

अध्यक्षांमधल्या वकिलाला राहवलं नाही. "अहो, या कशा हजर?"

काकांनी पुस्तक काकूंच्या हाताखाली धरलं. काकूंनी खिडकीकडे बघत, सावकाश, आपली तुटलेल्या दोऱ्यासारखी सही केली.

अध्यक्षांनी पुस्तक घेतलं, तो मजकूर पुन्हा एकदा वाचला आणि खाली सही ठोकली. त्यांच्या खाली लेखकांनी केली. शेवटी मी केली. सत्तावीस वर्षांत एकही नोंद खोटी न केलेल्या माणसाच्या पंचनाम्याला त्या दिवशी पंच पाच होते, आणि त्यातल्या एकालाही ती नोंद खोटी वाटली नाही.