तात्यांच्या डोक्यातलं यंत्र: भावकीचा ठराव

विज्ञानाचा कोणताही शोध स्वीकारण्याआधी त्याचे फायदे-तोटे तोलले पाहिजेत, आणि तोलणारी माणसं धडधाकट असली पाहिजेत. या दोन्ही बाबतींत आमची भावकी आदर्श आहे.

आमचे आकारामतात्या रिटायर सुभेदार. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि वाचा बसली. कान, डोळे, डोकं शाबूत. परवा मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूत नाण्याएवढं यंत्र बसवायची चाचणी सुरू होतेय. मनात आणलेलं वाक्य पडद्यावर उमटतं. तात्यांचं नाव घालू का?" ताबडतोब सात जणांची समिती नेमली. सचिव मी, त्यांचा पुतण्या (वळणदार अक्षर भावकीत दुसऱ्या कुणाचं नाही).

फायदा एकच निघाला: तात्यांना पाणी मागता येईल. धोके डॉक्टरांनी दोन सांगितले होते, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग. ते चहा येईपर्यंत आटोपले. मग तात्यांचा थोरला मुलगा पृथ्वीराज दबक्या आवाजात म्हणाला, "आरं, पण तात्या खरंच बोलाय लागलं तर?"

बैठकीला घाम फुटला. कारण तात्या गप्प झाल्यापासून अख्खं गाव त्यांच्या उशाशी बसून मन मोकळं करून जातं. माझ्या मोजणीप्रमाणे चौसष्ट माणसं, पैकी एकोणीस दर सोमवारी. बांधाचा दगड कुणी सरकवला, कुणाची सोयरीक कुणी मोडली, सगळं तात्यांपाशी जमा. (मीही एक गोष्ट सांगितली आहे. ती या ठरावाच्या कक्षेत येत नाही.)

"लय वंगाळ हुईल गड्या," चुलतभाऊ नाथाजी म्हणाला. बांध त्याचाच.

सबब, तात्यांच्या प्रकृतीची काळजी वाटून यंत्र एकमताने नामंजूर. सहा सह्या झाल्या, तोच राहीकाकू (तात्यांच्या पत्नी, समितीत नाहीत, चहा मात्र त्यांचाच) दारातून कडाडल्या, "आवं, त्यास्नी इचारलंय का कुणी? पापणी मिटून व्हय-न्हाई सांगत्यात की! माणूस हाय त्यो, कपाट न्हवं!" आणि तिथंच रडायला लागल्या.

कुणीच विचारलं नव्हतं. मलाही वाईट वाटलं, देवाशप्पथ. पण हा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता. सातवी सही मी केली.

आता तुम्ही म्हणाल, काय निर्दय माणसं ही! असू द्या. पण काकू बोलेपर्यंत तात्यांना विचारावं असं तुमच्या तरी मनात आलं होतं का? नसेल, तर ठरावाखाली आठव्या सहीला जागा सोडली आहे.