सर्वधर्म प्रार्थना आणि शिऱ्याचं पातेलं

जलील सरांना मी 'हो' म्हणालो, तिथंच घोळ झाला. (माझ्या आयुष्यातले बहुतेक घोळ 'हो' पासूनच सुरू झालेले आहेत.) मी लातूरच्या एका शाळेत क्लार्क आणि जलील सर तिथले स्काउट मास्तर. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते पोरांना मैदानात गोल बसवून सर्वधर्म प्रार्थना घ्यायचे. आधी दोन मिनिटं डोळे मिटून ज्यानं त्यानं आपापल्या देवाला आठवायचं, मग एकेकानं उठून कुणाचे तरी आभार मानायचे. पूर्वी साठ पोरं असायची. गावात क्लासेसचं पीक आल्यापासून उरली अकरा.

"लक्ष्मणराव, या रविवारी वहिनींच्या हातचा शिरा ठेवू. शिरा सगळ्यांना चालतो. पोरं वाढतील."

"हो."

पण वहिनी, म्हणजे आमची सत्यशीला, तीन वर्षांपासून माझ्यावर रुसलेली. कारण भूकंप. त्या पहाटे भिंती हलल्या तेव्हा मी रेडिओ उचलून बाहेर पळालो. सत्यशीला आतच राहिली. ती आपली आपण बाहेर आली आणि तेव्हापासून अंगणात पत्र्याखाली झोपायची. मी आत झोपायचो, कारण मी भीत नाही. (बाज दारात असायची आणि पाय उंबऱ्याबाहेर, पण ते हवेसाठी.) आत चल म्हटलं की तिचं एकच उत्तर.

"घर पडायचं भ्या न्हाई मला. आत कुणाच्या भरवशावर झोपू?"



तरी रविवारी ती आली. सातवीच्या वर्गात स्टोव्ह पेटवून शिरा करायला बसली. बाहेर आम्ही गोल करून बसलो. मीही, गळ्यात स्काउटचा स्कार्फ अडकवून. जलील सरांनी सांगितल्यावर सगळ्यांनी डोळे मिटले. मला फार बरं वाटत होतं.

एवढ्यात बुडाखालची जमीन थरथरली आणि धडधड आवाज झाला. (शेजारी एका क्लासवाल्याची तीन मजली इमारत उभी राहत होती, तिथं टिपरनं गिट्टी ओतली, हे नंतर कळलं.)

"भूकंप!" मी ओरडलो आणि धूम ठोकली. मोकळ्या मैदानातून थेट शाळेच्या इमारतीत! भूकंप झाला म्हणून आत पळालेला माणूस आमच्या जिल्ह्यानं तोवर पाहिला नसावा. पण डोक्यात एकच होतं, सत्यशीला आत आहे आणि या वेळी तिला आणायचंच.

वर्गात ती नव्हती. बाकाखाली पाहिलं, फळ्यामागं पाहिलं. स्टोव्ह विझलेला. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते उचलतो. मी बाहेर आलो तेव्हा स्कार्फमध्ये धरलेलं शिऱ्याचं पातेलं माझ्या छातीशी होतं आणि सत्यशीला गोलात, अर्शी आणि उमैमा या दोन पोरींच्या मधोमध बसली होती. आम्ही डोळे मिटल्यावर ती गुपचूप येऊन बसली होती.

"सर शिरा वाचवायला गेलते!" अमान ओरडला.

"अरे, मी हिला आणायला गेलतो!"

पोरं लोळून हसली. सत्यशीला हसली नाही. म्हटलं, संपलं. आधी रेडिओ, आता शिरा.

मग आभार सुरू झाले. शिवमूर्तीनं भूकंपात वासरू वाचलं म्हणून महादेवाचे आभार मानले. उमैमानं शेजारच्या कोंडाबाईंचे मानले. भूकंपानंतर महिनाभर त्यांच्याच अंगणात सगळं घर झोपलं होतं. शेवटी सत्यशीला उठली.

"मागच्या बारीला हे रेडिओ घेऊन भायेर पळाले. आज मला हुडकायला आत पळाले. देवाचे, अल्लाचे, समद्यांचेच आभार."

माझे डोळे भरून आले. तीन वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. जलील सरांचे तर मी मनातल्या मनात दहादा आभार मानले.

संध्याकाळी सत्यशीलानं खरंच पत्र्याखालचं अंथरूण गुंडाळून घरात आणलं. मी लगबगीनं दारातली बाज आत ओढू लागलो.

"तुम्ही कुठं?"

"आत. झोपायला."

"तुम्ही अंगणात. पुन्हा हाललं तर मला न्यायला आत पळत यायला कुणीतरी भायेर पाहिजे की!"

सध्या मी पत्र्याखाली झोपतो. रेडिओ तिनं आत ठेवून घेतला आहे.