मंगळवारचं गिऱ्हाईक

कुणावर लिहावं एवढी माझी योग्यता नाही. आमच्या घरात अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, आणि ते अर्जही मीच लिहिलेत. चुकलं तर माफ करा. पण सलीमचाचांनी पहिल्याच भेटीत माझा मोबाइल पाण्याच्या बादलीत बुडवला, हे कुणाला तरी सांगायलाच हवं.

विसरवाडीला त्यांचा जुना फोटो स्टुडिओ आहे. कॉलेजच्या फॉर्मसाठी फोटो हवा होता. आतल्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली चाचा ट्रेमधला कागद हलवत होते. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला, उजेड पडला आणि... बुडुक!

"उजेड चोर शे, चोर! मन्हा कागद मरी जाई!"

मी बादलीतून मोबाइल काढला, तो बंद पडला होता. शेवटी त्यांनीच आपला बटणांचा फोन माझ्या हातात ठेवला.

लोकांच्या हाती मोबाइल आल्यावर त्यांचा धंदा बसला. मग ते नवापूरला कोंबड्यांच्या फार्मवर जाऊ लागले. यंदा साफसफाईत फोटोच्या कागदाचा सीलबंद जुना डबा सापडला आणि अंधारी खोली पुन्हा सुरू झाली. कागद इतका जुना की पांढरं सगळं राखाडी येई. "म्हातारा व्हयी गया शे, हळू बोलस," असं चाचा म्हणत. माझा फोटो पाहून कॉलेजच्या क्लार्कने विचारलं, "तुझा आहे की तुझ्या आजाचा?"

धंदा बसल्यापासून दुकान मात्र फक्त मंगळवारी उघडं. त्या दिवशी चाचा चहालाही उठत नसत.

"असं का, चाचा?"

त्यांनी एक पाकीट काढलं. आत निगेटिव्ह होती, मांडीवर बाळ घेतलेल्या बाईची. तिचा फोटो धुताना चाची चहा घेऊन आत आल्या, दार उघडलं, फोटो काळा पडला. 'आठ दिवसांनी ये,' असं बाईला सांगितलं. ती आलीच नाही. निगेटिव्हवरून दुसरा फोटो काढून ठेवला, तो वाळवीने खाल्ला. पाकिटावर चाचींचं अक्षर होतं : 'मंगळी. एक कॉपी.'

"तुन्ही चाची गई, पण लिखी गई. मंगळवारनं गिऱ्हाईक शे. येई."

मी चाचरत म्हणालो, "चाचा, हा वार नाही. नाव आहे. आमच्या पाड्यांवर जन्मलेल्या वाराचंच नाव ठेवतात. माझे वडील बुध्या."

चाचांनी पाकिटावरचं अक्षर पुन्हा वाचलं. "इतला मंगळवार..." एवढंच म्हणाले.

सात कागद वाया गेले. आठव्यावर बाळाचा चेहरा उमटला. फोटो मी घरी नेला. आई पाहताच म्हणाली, "ही तर शेजारच्या पाड्यावरची मंगळी!" ती सुरतेकडे ऊसतोडीला गेली होती. तिच्या भावाबरोबर फोटो पाठवला.

काल त्याच बटणांच्या फोनवर भावाचा फोन आला. चाचांना ते सांगावंच लागलं. ते बाळ फोटो काढला त्याच वर्षी गेलं होतं. त्याचा दुसरा फोटो नाही. आणि दर होळीला गावी येताना मंगळी विसरवाडीला उतरायची, दुकानाच्या पायरीवर बसायची. दुकान बंद असायचं. ती यायची त्या दिवशी मंगळवार कधी आलाच नाही.